जुन्या गाडीची नवी घडण (भाग ६) : रंगाआधी ओळंबा

गेल्या आठवड्यात आपण १९५१ च्या शेवरोले ३१०० पिकअपची केबिन आणि मागचा हौदा उतरवला. आता समोर नुसती चासी आहे. दोन लांब पोलादी चॅनेल, त्यांना शिडीसारखे जोडणारे क्रॉस मेंबर, चार कमानपाटे आणि दोन एक्सल. याच टप्प्यावर बहुतेकांचे हात शिवशिवतात. वायर ब्रश मारावा, काळा रंग फासावा आणि फोटो काढावा असं वाटतं. माझा आग्रह आहे की आधी मोजमाप, मग दुरुस्ती आणि रंग अगदी शेवटी. आणि मूळ सस्पेन्शन नव्याच्या मापाला आणून, गाडी चालवून पाहिल्याशिवाय ते बदलण्याचा विचारही करू नये.

हा दुसरा मुद्दा मला जास्त जिव्हाळ्याचा आहे. शेवरोलेची ही ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिका १९४७ मध्ये आली आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालली. त्यातला ३१०० हा अर्ध्या टनाचा, ११६ इंच व्हीलबेसचा पिकअप. अमेरिकेत आज या गाड्या बाहेरून जुन्या दिसतात, पण कित्येकींच्या खाली चासी भलतीच असते. कुणी शेवरोलेच्याच एस-१० पिकअपची चासी घालतं, कुणी पुढचा भाग कापून फोर्ड मस्टँग-२ च्या धर्तीचं सस्पेन्शन बसवतं. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं : मूळ गाडी खडखडते, रस्ताभर भटकते, स्टिअरिंग थरथरतं. तक्रार खरी आहे, पण ती सत्तर वर्षांच्या झिजेची आहे. कारखान्यातून निघालेली गाडी अशी चालत नव्हती. शेतमाल भरून दिवसभर हाकण्यासाठीच ती बांधलेली होती.

मुंबईलाही शेवरोले परकी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि १९५४ पर्यंत तिथे शेवरोलेच्या मोटारी आणि ट्रक जोडले जात. कमानपाटे, किंग पिन, रिव्हेटची चासी ही सगळी भाषा आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी होती, आणि हायवेलगतच्या कमानपाट्यांच्या दुकानांत ती आजही ऐकू येते.

आता मोजमाप. सपाट फरशी, गवंड्याचा ओळंबा, खडू, सूत आणि पोलादी टेप एवढं साहित्य पुरतं. चासीचे मागचे दोन टेकू लेव्हलमध्ये घ्या आणि पुढे मात्र मधोमध एकच टेकू द्या. चारही कोपऱ्यांना टेकू दिले, तर उघड्या चॅनेलची चासी टेकूंच्या उंचीप्रमाणे स्वतःच पिळली जाते आणि नसलेला दोष दिसतो. तीन टेकूंवर पुढची दोन टोकं जिथे राहतात, त्यांची जमिनीपासूनची उंची मोजली की खरा पीळ कळतो. मग डाव्या-उजव्या बाजूच्या जोडीच्या खुणा निवडा : पाट्यांच्या हँगरचं भोक, क्रॉस मेंबरचा ठरावीक रिव्हेट, केबिनच्या माउंटिंगचं भोक. प्रत्येकातून ओळंबा सोडून फरशीवर खडूने फुली करा. फुल्यांमधले कर्ण मोजा. दोन कर्णांत तीन मिलिमीटरच्या आसपास फरक असेल तर तो चालवून घेतात. त्याहून जास्त असेल तर एक चॅनेल दुसऱ्याच्या पुढे सरकलेलं आहे, म्हणजे कधी तरी गाडीच्या एका कोपऱ्यावर जोराचा दणका बसलेला आहे.

यापुढची एक पायरी लोक हमखास गाळतात. प्रत्येक जोडीचा मध्यबिंदू काढून पुढून मागे सूत ताणा. सगळे मध्यबिंदू सुताखाली आले पाहिजेत. मागचे सगळे सरळ आणि पुढचे दोन एका बाजूला ढळलेले दिसले, तर चासी तेवढ्याच भागात वाकलेली आहे आणि तेवढीच ओढून सरळ करायची आहे. साखळ्या बांधून हायड्रॉलिक जॅकने हळूहळू ओढायचं, तेही लोखंड थंड असताना. गॅस कटरने लाल करून वाकवलेलं चॅनेल सरळ दिसतं, पण त्या जागची ताकद कमी-जास्त होऊन बसते.

गंजाचं मूळ बहुधा चिखलात असतं. चाकांनी उडवलेला चिखल हँगरच्या मागे, केबिनच्या माउंटिंगखाली आणि शेवटच्या क्रॉस मेंबरच्या पोटात साचतो आणि महिनोन्महिने ओला राहतो. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिकडच्या गाड्या खालून संपतात. ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यातल्या गाडीला म्हणूनच जास्त किंमत येते. गंज तपासायला छोटी हातोडी घ्या आणि चॅनेलवर वीतभर अंतराने ठोकत जा. धडधाकट लोखंड खणखणतं, पातळ झालेल्या जागी बद्द आवाज येतो. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा.

रिव्हेटने जोडलेल्या दोन पत्र्यांच्या मधला गंज सर्वांत वाईट. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतं. त्यामुळे पत्रे फुगून एकमेकांपासून दूर जातात आणि रिव्हेट ताणले जातात. असा फुगलेला जोड वरून घासून काही उपयोग नाही, तो उघडायलाच हवा. रिव्हेटच्या डोक्याला मधोमध ड्रिल मारा, छिन्नीने डोकं उडवा आणि दांडा ठोकून बाहेर काढा. परत जोडताना रिव्हेट तापवून घातलेला उत्तम. तो ठोकताना भोकात गच्च भरतो आणि थंड होताना आखडून दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळून धरतो. तापवून रिव्हेट मारणारा कारागीर मिळाला नाही, तर भोक रीमरने साफ करून त्यात अगदी घट्ट बसणारा, उच्च प्रतीचा बोल्ट वापरावा. सैल भोकात बाजारातला साधा बोल्ट घातला, तर काही महिन्यांत तो जोड कुरकुरायला लागतो.

वेल्डिंग करण्याआधी चासीवर भार कसा येतो ते समजून घ्या. गाडी भरली की चॅनेल खाली वाकू पाहतं. दोन एक्सलांमधल्या भागात वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. मधल्या उभ्या भागावर वाकण्याचा ताण सर्वांत कमी. म्हणून चिरा बहुधा पट्टीच्या कडेला किंवा कुणी तरी पट्टीत पाडलेल्या भोकापासून सुरू होतात. आधीच्या मालकांपैकी कुणी ओढकडी लावायला, कुणी जादा टाकी टांगायला खालच्या पट्टीत भोक पाडलेलं असतं. चीर दिसली की तिच्या अगदी टोकाला छोटं भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग चीर इंग्रजी व्हीसारखी कोरून वेल्ड भरा. वर आधाराचा पत्रा लावायचा असेल तर त्याची टोकं तिरकी कापा. पट्टीच्या आडव्या रेषेत सरळ वेल्ड मारला, तर नवी चीर बरोबर त्याच रेषेत पडते.

सँडब्लास्टिंगबद्दल एकच गोष्ट कळकळीने सांगतो. साधी वाळू वापरू देऊ नका. तिच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो आणि त्यावर इलाज नाही. गार्नेट किंवा स्लॅगचे कण वापरणारा माणूस शोधा. उघडं पडलेलं लोखंड काही तासांत तांबूस होऊ लागतं, म्हणून इपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी. त्यावर चासी ब्लॅक, फार चमक नसलेला. पावडर कोटिंग मला पटत नाही. त्याच्या जाड थराखाली चीर लपते, आणि एकदा टवका उडाला की गंज आतल्या आत पसरतो.

आता कमानपाटे. सर्वांत वरच्या लांब मेन पाट्याच्या टोकांना डोळे असतात. त्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे, आणि सगळ्यांना मधोमध एक सेंटर बोल्ट धरून ठेवतो. गाडी दबली की पाटे एकमेकांवर घसरतात, आणि त्या घर्षणात धक्क्याचा काही भाग जिरतो. पाट्यांमध्ये गंज भरला की घसरणं थांबतं, सगळी चवड एकाच जाड पट्टीसारखी वागते आणि गाडी उडायला लागते. दोष मात्र स्प्रिंगला दिला जातो. पाटे उघडण्यापूर्वी सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना जाड सी-क्लँप लावा आणि बोल्ट काढल्यावर क्लँप हळूहळू सैल करा. चवडीत ताण साठलेला असतो. बोल्ट नुसताच काढला, तर पाटे उसळून हात मोडू शकतो.

सुटा झालेला प्रत्येक पाटा उजेडात धरून बघा. खालच्या पाट्याचं टोक जिथे रुततं तिथे वरच्या पाट्यावर खाच पडलेली असते. खाच खोल असेल तर तो पाटा बदला. उथळ असेल तर घासून गुळगुळीत करा आणि रुतणाऱ्या टोकाच्या कडाही गोल करा. सेंटर बोल्टच्या भोकाभोवती बारीक चीर आहे का ते भिंगाने पाहा, कारण पाटे बऱ्याचदा तिथेच तुटतात. कमान उतरली असेल तर पाटा थंडच ठोकून ती परत आणता येते. आपल्याकडचे कमानपाटेवाले ऐरणीवर घणाचे नेमके घाव घालत हे काम करतात, आणि ते बघण्यासारखं असतं. पाट्यावर वेल्डिंग कधीही नाही आणि तो लाल तापवायचाही नाही. त्याचं पाणी उतरतं. जोडताना मध्ये ग्रॅफाइटचा पातळ हात द्यावा. यू-बोल्ट नवेच घ्यावेत, कारण जुने एकदा ताणले गेले की पुन्हा पूर्वीसारखे आवळत नाहीत.

रिकाम्या गाडीची चाल मऊ व्हावी म्हणून चवडीतले काही पाटे काढून टाकण्याची पद्धत आहे. त्याआधी एक लक्षात घ्या. १९५४ पर्यंतच्या अर्ध्या टनी शेवरोलेत प्रॉपेलर शाफ्ट बंद नळीत असतो, आणि एक्सलचा पीळ बराचसा ती नळी पेलते. पुढेमागे कुणी उघडा शाफ्ट बसवला की तो पीळ थेट पाट्यांवर येतो. कमी केलेल्या पाट्यांवर तो पडला, तर क्लच सोडताच मागचा एक्सल उड्या मारतो.

पुढच्या अखंड एक्सलची सगळी बदनामी किंग पिनच्या, म्हणजे ज्या पिनेवर पुढचं चाक वळतं तिच्या, झिजेमुळे झाली आहे. परीक्षा सोपी आहे. चाक जमिनीपासून उचला, टायर वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे, राहिला तर किंग पिन. नवे बुश प्रेसने बसवल्यावर वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने एका रेषेत घ्यावे लागतात. वेगवेगळे रीम केले तर पिन अडकते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. गाडीचा भार एक्सलच्या टोकाखालच्या थ्रस्ट बेअरिंगवर असतो, ते उलटं बसलेलं नाही याची खात्री करा. ग्रीस भरताना एक्सल उचलून धरा. भार असताना ग्रीस दाबलेल्या बाजूला शिरतच नाही. एवढं नीट झाल्यावर कॅस्टर, म्हणजे किंग पिनचा मागे झुकलेला कोन, बघा. तो कमी असेल तर पाटा आणि एक्सलच्या मध्ये पाचरीसारखी पट्टी घालून वाढवता येतो. मग टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा समोरून किंचित आत वळलेला कल, लावा. थरथर बहुतेक वेळा इथेच थांबते.

शॉक ॲब्सॉर्बरचं काम थोडं आहे. १९५० पासून या गाड्यांना नळीचे शॉक आले, ते नवे मिळतात. १९४९ पर्यंतचे लिव्हरचे शॉक मात्र उघडून सील बदलून घ्यावे लागतात.

गाडी दोन-तीनशे किलोमीटर चालली की यू-बोल्ट पुन्हा आवळायला विसरू नका. नव्याने जोडलेले पाटे एकमेकांवर बसताना ते सैल पडतात. पुढच्या आठवड्यात ब्रेक. या ट्रकना १९५० पर्यंत हक बनावटीचे ब्रेक होते आणि १९५१ पासून बेंडिक्स आले. त्यामुळे सुटे भाग मागवण्याआधी ड्रम उघडून आत काय आहे ते पाहून ठेवा.