उजव्या सोंडेचा गणपती

भंडारा जिल्ह्यात मोहाडी-तुमसरकडे गणपतीच्या दिवसांत आरती आटोपली की पोरांना एक गोष्ट वाचून दाखवावी : जयंत नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’. उजव्या हाताने गोलंदाजी करणारा खेळाडू अचानक डाव्या हाताने चेंडू टाकू लागतो आणि भले भले फलंदाज गडबडून जातात. अख्खा माणूसच आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा झालेला! डाव्या सोंडेची गणेशमूर्तीही तशीच उजव्या सोंडेची होऊन बसते.

केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडून नारळीकर १९७२ साली भारतात परतले. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. ज. वि. ना. ही स्वतःचीच आद्याक्षरं उलटी फिरवलेली! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा उतरवून घेतली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

आता त्या खेळाडूकडे वळू. तो उलटा कसा झाला असेल, ते पाहायला पारदर्शक प्लॅस्टिकची लांब पट्टी घ्या, अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवा. ही मोबियसची पट्टी. तिच्यावर उजव्या पंजाचं चित्र काढा आणि तेच चित्र पुढेपुढे गिरवत एक फेरी पूर्ण करा. मूळ जागी पोचतो तो डावा पंजा! पंजा कुठेही पट्टी सोडून उठला नाही. पीळ पट्टीतच होता आणि तो द्यायला तिसरी मिती लागली. आपल्या तीन मितींच्या अवकाशालाच असा पीळ पडला तर? त्यातून फिरून आलेल्या माणसाचं हृदय उजवीकडे असेल. त्याला स्वतःत काहीच बदललेलं वाटणार नाही, जगच उलटं दिसेल.

त्याच्या जेवणाचा विचार केला की मी थक्क होतो. अमिनो आम्लांच्या रेणूंचीही आरशातल्या प्रतिबिंबासारखी डावी-उजवी रूपं असतात आणि सजीवांची प्रथिनं जवळजवळ सगळी ‘डाव्या’ अमिनो आम्लांची बनलेली असतात. उलट्या माणसाची पाचक द्रव्यंही उलटी, त्यांना आपलं अन्न पचवता येणार नाही. भंडाऱ्याचा गरम भात, वर वरण, तो पोटभर जेवेल. चवही कदाचित वेगळी लागेल, पण अंगी काही लागणार नाही. जेवूनखाऊन उपासमार!

लुई पाश्चर यांनी १८४८ साली डावे-उजवे स्फटिक चिमट्याने वेगळे केले, तेव्हापासून रेणूंची ही दोन रूपं माणसाला माहीत आहेत. जीवसृष्टीने प्रथिनांसाठी मात्र डावंच रूप का निवडलं, हे कोडं अजून सुटलेलं नाही.