माणूस आहात ना? मग नाव नका सांगू!

आईच्या फोनवर रेल्वेचं तिकीट काढताना वेडीवाकडी अक्षरं येतात, पाहिलीत ना? ती ओळखून लिहायची, मगच पुढे जाता येतं. हा कॅप्चा. समोर खराच माणूस आहे की एका दमात हजारो तिकिटं काढू पाहणारा प्रोग्रॅम आहे, हे ताडण्यासाठी तो असतो.

२०१४ साली गूगलने याहून सोपा कॅप्चा आणला. ‘मी रोबो नाही’ या चौकोनात नुसती टिचकी मारायची! पण टिचकीवरून माणूस कसा ओळखणार? टिचकीआधीच तुमचा ब्राउझर, त्यात साठलेल्या कुकी नावाच्या खुणा, तुमच्या हालचाली असं बरंच काही तपासलं जातं. मला हे खटकतं. आपण माणूस आहोत एवढंच तर सांगायचं होतं, त्यासाठी आपला माग कशाला?

(आणि हो, खोटे कॅप्चाही असतात बरं का! ‘विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग हे पेस्ट करा’ असं सांगणारा कॅप्चा दिसला, तर काहीही न दाबता खिडकी बंद करा आणि घरच्या मोठ्यांना दाखवा. खरा कॅप्चा असलं काही करायला सांगत नाही.)

माग न लागू देता खात्री पटवण्याची एक झकास युक्ती डेव्हिड चॉम या अमेरिकन संशोधकाने १९८२ मध्येच मांडली होती. घरी करून बघा. कागदावर मनातला एक लांबलचक आकडा लिहा. त्यावर कार्बन पेपर ठेवा, दोन्ही पाकिटात घालून चिकटवा. आता ताईला पाकिटावर सही करायला सांगा. पाकीट फोडलंत की आतल्या कागदावर ताईची सही उमटलेली! उद्या तो कागद दाखवलात, तर ती म्हणेल, “सही माझीच.” पण अशी बरीच पाकिटं तिच्याकडे आली असतील, तर हा कागद कुणाचा, हे तिला सांगता येणार नाही. आकडा तिने पाहिलाच नव्हता ना! एक आकडा एकदाच चालतो, म्हणून तोच कागद पुन्हा वापरून फसवताही येत नाही.

संगणकात पाकिटाचं काम गणित करतं. सहीला पाठवण्याआधी आकडा एका गुप्त संख्येच्या मदतीने झाकायचा आणि सही झाल्यावर ते झाकण काढून टाकायचं. २०२२ पासून आयफोनमध्ये ही सोय आहे, त्यामुळे काही ठिकाणी कोडं न सोडवताच पुढे जाता येतं. मात्र या सहीने फोन खरा आहे एवढंच कळतं. तो माणसाच्या हातात आहे की यंत्राच्या, हे ओळखायची युक्ती शोधणं अजून बाकी आहे.