पित्तनलिकेची ईआरसीपी करण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारा

घरातील आजोबांचे डोळे पिवळसर दिसू लागतात, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते आणि सोनोग्राफीत पित्तनलिकेत खडा अडकल्याचे आढळते. अशी कावीळ झाडपाल्याने किंवा माळ घातल्याने उतरत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. खडा काढावाच लागतो. त्यासाठी गोंदिया, तिरोडा, देवरीकडील पुष्कळ कुटुंबे रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवरील नागपूर गाठतात. तेथे ‘ईआरसीपी’ हा शब्द कानी पडतो, संमतिपत्र पुढे येते, आणि त्यातील ‘स्वादुपिंडाला सूज येण्याची शक्यता’ ही ओळ वाचून नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो.

या उपचारात दुर्बीण तोंडावाटे लहान आतड्याच्या आरंभापर्यंत नेतात, पित्तनलिकेचे तोंड रुंद करतात आणि खडा बाहेर ओढतात. पोट उघडावे लागत नाही, ही वृद्धांसाठी मोठीच सोय आहे. अडचण शरीराच्या रचनेत आहे. धानाच्या बांधीत दोन पाटांचे पाणी एकाच तोंडातून उतरावे, तसे पित्त आणि स्वादुपिंडाचा पाचकरस बहुतेकांमध्ये एकाच लहानशा छिद्रातून आतड्यात येतात. तेथे उपकरणाचा धक्का लागून सूज आली की पाचकरस तुंबतो आणि स्वादुपिंडातच दाह सुरू होतो. साधारणतः शंभर रुग्णांपैकी तीन ते दहा जणांना असे होते. बहुतेक जण काही दिवसांच्या सलाइनने व विश्रांतीने बरे होतात. मात्र थोड्यांच्या बाबतीत आजार गंभीर होऊन जिवावर बेततो.

हा धोका कमी करणारे औषध जुने आणि स्वस्त आहे. सांधेदुखीसाठी आपण ज्यांची नावे ऐकतो, ती डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथॅसिन ही औषधे १०० मिलिग्रॅमच्या मात्रेत गुदमार्गे, म्हणजे सपोझिटरीच्या रूपात, एकदाच दिली जातात. २०१२ साली अमेरिकेत ६०२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातील बहुतेक रुग्ण अधिक धोक्याच्या गटातील होते. औषध न मिळालेल्यांपैकी सुमारे १७ टक्के रुग्णांना स्वादुपिंडदाह झाला, तर औषध मिळालेल्यांपैकी सुमारे ९ टक्क्यांना. पुढे २०१६ साली चीनमधील २६०० रुग्णांच्या चाचणीत, सर्वांनाच उपचारापूर्वी इंडोमेथॅसिन देणे हे केवळ अधिक धोक्याच्या रुग्णांना उपचारानंतर देण्यापेक्षा सरस ठरले. युरोपातील दुर्बीणतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारसही अशीच आहे : अडचणीचे कारण नसेल तर प्रत्येक रुग्णाला, आणि उपचाराच्या लगेच आधी.

म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी शांतपणे विचारा, ‘डॉक्टरसाहेब, स्वादुपिंडाची सूज टाळण्यासाठी सपोझिटरी देणार आहात का? नसल्यास कोणत्या कारणाने?’ यात उद्धटपणा काही नाही.

येथे एक नाजूक बाब आहे. आपल्या घरांतील वडीलधारी माणसे गुदमार्गाचे औषध म्हटले की संकोचतात, प्रसंगी ठाम नकार देतात. त्यापेक्षा हीच गोळी तोंडाने द्या, असा आग्रह नातेवाईकही धरतात. परंतु तोंडाने घेतलेल्या गोळीचा असा लाभ चाचण्यांत दिसलेला नाही. आजीला आधी घरच्या भाषेत समजावून सांगा, आणि परिचारिकेने पडदा ओढून औषध द्यावे अशी विनंती करा. औषध दुकानातून आणून ठेवायला सांगितले असेल तर विदर्भाच्या उन्हाळ्यात ते पिशवीत विरघळते, हे ध्यानात असू द्या. थंड जागी ठेवा आणि स्वतःहून घरी देऊ नका.

काहींना हे औषध देता येत नाही. अ‍ॅस्पिरिन वा वेदनाशामकांनी पूर्वी दमा उसळला असेल किंवा अंगावर गांधी उठल्या असतील, जठरात व्रण वा अलीकडे रक्तस्राव झाला असेल, क्रिएटिनिन वाढलेले असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. वृद्धांच्या बाबतीत मूत्रपिंडाचा हा मुद्दा फार महत्त्वाचा असतो, म्हणून जुने अहवाल सोबत न्या. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार असलेली कुटुंबे आहेत. तांबड्या पेशी लवकर फुटत राहिल्याने अशा रुग्णांना तरुणपणीच पित्ताचे खडे होतात आणि त्यांचे मूत्रपिंडही नाजूक असू शकते. त्यांनी हा आजार आवर्जून सांगावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदही करू नका, चालूही ठेवू नका.

सपोझिटरी देता येत नसेल तर शिरेतून सलाइन वेगाने देणे किंवा स्वादुपिंडाच्या नलिकेत बारीक नळी ठेवणे, असे मार्ग आहेत. अशक्त हृदयाच्या रुग्णाला वेगाचे सलाइन मात्र सोसत नाही. आणि कोणतेही औषध धोका पूर्णपणे पुसून टाकत नाही. केवळ निदानासाठी ईआरसीपी सुचवली गेली असेल, तर एमआरसीपी या तपासणीने भागेल का, हेही विचारून पाहा. गरज नसलेला उपचार टळला, की त्याचा धोकाही टळतो.

एक समाधानाची गोष्ट अशी की हा विशिष्ट दाह तरुणांच्या, विशेषतः तरुण स्त्रियांच्या तुलनेत वृद्धांना कमी होतो. झालाच तर मात्र थकलेले शरीर तो कसा पेलणार, ही चिंता राहते.

दाह झाल्यास बहुधा पहिल्या चोवीस तासांत कळतो : पोटाच्या वरच्या भागात सतत दुखते, कळ पाठीकडे जाते, उलट्या होतात. वृद्धांच्या बाबतीत दुखणे सौम्य वाटून केवळ गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा लघवी कमी होणे एवढेच दिसू शकते. थंडी वाजून ताप आला किंवा काळी शौच झाली, तरी तत्काळ कळवावे. म्हणून डॉक्टरांनी घरी सोडले तरी त्याच संध्याकाळच्या गाडीने गोंदियाला परतण्याची घाई करू नका. शक्य असल्यास ती रात्र नागपुरातच, रुग्णालयाजवळ काढा, आणि परतताना आत नळी बसवली आहे का, ती कधी काढायची, हे कागदावर लिहून घ्या.