नागीण वेटोळे का पूर्ण करत नाही?

नागीण उठली म्हटले की मोठी माणसेही घाबरतात. पाठीवरून बरगडीकडे सरकणारा फोडांचा पट्टा वाढत जातो आणि नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की रोगी दगावतो, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. विद्यार्थी मित्रांनो, ही समजूत खरी आहे का, ते तपासून पाहू या.

नागिणीचा सापाशी काहीच संबंध नाही. तिचा संबंध आहे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांशी! दोन्ही रोग एकाच विषाणूमुळे होतात. कांजिण्यांच्या खपल्या पडल्या तरी हा विषाणू शरीरातून पुरता जात नाही. पाठीच्या कण्यालगत संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जापेशींचे छोटे पुंजके असतात. तेथे तो वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो. शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर पहारा ठेवते. उतारवयात हा पहारा ढिला पडतो. मग विषाणू जागा होतो आणि मज्जातंतूवाटे त्वचेपर्यंत येतो. एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधील डॉक्टरांनी आपल्या रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून १९६५ साली ही उपपत्ती मांडली. पुढील संशोधनाने ती खरी ठरली.

आता पट्ट्याचे कोडे. मज्जारज्जूपासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. जोडीतील एक मज्जातंतू शरीराच्या डाव्या बाजूला, तर दुसरा उजव्या बाजूला जातो. दोघांचेही प्रदेश मध्यरेषेपाशी संपतात. विषाणू बहुधा एकाच बाजूच्या एकाच पुंजक्यात जागा होतो. साहजिकच फोड त्या एका मज्जातंतूच्या प्रदेशात, म्हणजे अर्ध्या पट्ट्यातच येतात. वेटोळे अपुरे राहते ते यामुळे. मंत्राने किंवा गेरूच्या लेपाने नव्हे. फोड सामान्यतः दोन ते चार आठवड्यांत भरून येतात आणि श्रेय मात्र लेपाला मिळते.

मग डॉक्टरांकडे कशासाठी जायचे? फोड गेले तरी मज्जातंतूला झालेली इजा मागे राहू शकते. काही रुग्णांना त्या जागी महिनोन्‌महिने आग व ठणका सोसावा लागतो. वय जितके अधिक, तितका हा धोका अधिक. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूरोधक औषध सुरू केले, तर त्याचा गुण सर्वांत चांगला येतो. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर डोळ्याला इजा होऊ शकते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

फोडांतील पाण्याचा स्पर्श झाल्याने दुसऱ्याला नागीण होत नाही. परंतु ज्याला कांजिण्या आल्या नाहीत आणि ज्याने त्यांची लसही घेतलेली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोड झाकून ठेवावेत. पन्नाशीनंतर घेण्याची नागिणीची प्रतिबंधक लसही आता मिळते. तिच्याविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घरातील वृद्ध माणसाच्या अंगाची एकच बाजू दुखू लागली, तेथे आग होऊ लागली आणि दोन-तीन दिवसांत फोड उठले, तर तोंड आणि शेपटी यांतील अंतर मोजत बसू नका. तास मोजा आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.