पाच कवट्यांचा अल्बम

'गन्स अँड रोझेस' या रॉक बँडचा पहिला अल्बम 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' २१ जुलै १९८७ रोजी आला. तो आला आणि जग हादरलं, असं आता सांगितलं जातं. खरं तर सुरुवातीला त्याच्याकडे फारसं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. बिलबोर्डच्या यादीत तो शिरला १८२व्या क्रमांकावर आणि अव्वल ठरला १९८८च्या ऑगस्टमध्ये. मधलं वर्ष मोठ्या बँडांच्या आधी मंचावर चढून वाजवण्यात गेलं. त्यातल्या 'वेलकम टू द जंगल' या गाण्याचा व्हिडिओ लावायला एमटीव्ही तयार नव्हतं. खुद्द रेकॉर्ड कंपनीचा मालक डेव्हिड गेफन याने शब्द टाकला, तेव्हा तो भल्या पहाटे एकदाचा दाखवला गेला. त्यानंतर चॅनलचे फोन खणखणू लागले.

मुखपृष्ठाचीही रडकथाच. रॉबर्ट विल्यम्सच्या ज्या चित्रावरून अल्बमला नाव मिळालं, तेच दुकानदारांना नको होतं. चित्र आतल्या पानावर गेलं आणि बाहेर क्रूसावर पाच कवट्या आल्या, बँडमधल्या प्रत्येकाची एक. तडजोड होती, पण माझ्या मते मूळ चित्रापेक्षा तीच खरी बोलते. कारण हा अल्बम पाच जणांचा आहे, केवळ गायक आणि गिटारवाल्याचा नव्हे.

हे पाच जण एकत्र आले १९८५च्या जूनमध्ये, लॉस एंजेलिसला. आल्या आल्या सिएटलच्या दौऱ्यावर निघाले, वाटेतच गाडी बंद पडली, मग लोकांच्या गाड्यांना हात दाखवत पोहोचले आणि उसन्या सामानावर वाजवलं. निर्माता माइक क्लिंकने १९८७ साली त्यांना रेकॉर्ड केलं, ते त्यांची एकत्र वाजवायची सवय न मोडता. गायक ॲक्सल रोझ मात्र एकेक ओळ वेगळी गाऊन सगळ्यांची परीक्षा पाहत होता. गिटारवादक स्लॅशच्या हातात जी लेस पॉल गिटार होती ती गिब्सन कंपनीची नव्हेच. एका कारागिराने हुबेहूब घडवलेली नक्कल होती. 'स्वीट चाइल्ड ओ माइन'ची सुरावटही त्याने गंमत म्हणून, बोटं फिरवता फिरवता वाजवलेली. ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

या दोघांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला मात्र ड्रमर स्टीव्हन ॲडलर आणि दुसरा गिटारवादक इझी स्ट्रॅडलिन जास्त ऐकू येतात. 'नाइटट्रेन' ऐका. ॲडलर काउबेलवर ठोका देत शिरतो, आणि त्याच्या ठेक्यात किंचित झोकांडी आहे, पण तोल जात नाही. इझी स्लॅशच्या वाटेत न येता मोजकंच वाजवतो. त्याच्या त्या रिकाम्या जागांमुळेच स्लॅशला मोकळं रान मिळतं. त्या काळच्या केस फुगवलेल्या, गुळगुळीत हार्ड रॉकमध्ये ही झुलती चाल जवळपास नव्हतीच. डफ मकॅगनचा बास पंकमधून आलेला, म्हणून सगळ्याला धार.

हेरॉइनवर 'मिस्टर ब्राउनस्टोन' लिहिणाऱ्या बँडने १९९०मध्ये ॲडलरला काढलं ते त्याच्या व्यसनापायी. पुढच्या वर्षी इझीही निघून गेला. १९९१चे 'यूज युअर इल्यूजन' हे दोन अल्बम भव्य आहेत, ड्रमही जास्त दणदणीत आहेत. झोकांडी तेवढी गेली. २०१२ला ॲक्सल मुंबईत गायला तेव्हा सोबत स्लॅश नव्हता, याची हळहळ बऱ्याच जणांना वाटली होती. मे २०२५मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर स्लॅश आला, डफही आला, आणि मैदान खूश झालं. ॲडलर आणि इझी तेव्हाही नव्हते. त्यांची आठवण मात्र फार थोड्यांनी काढली.