रुळाखालचा टायर

उधन्यात मी रबराचे बुश, गॅस्केट आणि लूमच्या पायांखाली घालायचे पॅड बनवतो. आम्ही मूळचे अमळनेरचे. ताप्ती लाइनच्या गाडीने वडील सुरतेला आले आणि इथलेच झाले. माझ्या रबराच्या मिश्रणात थोडं रीक्लेम, म्हणजे जुन्या टायरचं रबर, असतंच. त्या मालाचं जुनं ठिकाण जवळच, अंकलेश्वरला. आजची जीआरपी कंपनी १९७४ साली ‘गुजरात रीक्लेम’ म्हणून सुरू झाली. सोलापुरातही तिचा कारखाना आहे.

हल्ली लोक विचारतात, हे रबर रेल्वेला का देत नाही? देता येईल, पण कुठे ते बघून.

गोम गंधकात आहे. १८३९ मध्ये गुडइयरला गंधक घालून रबर पक्कं करण्याची युक्ती सापडली. रबराच्या लांब साखळ्या गंधकाने एकमेकींना जखडल्या जातात, म्हणून टायर प्लास्टिकसारखा पुन्हा वितळत नाही. रीक्लेम करताना उष्णता आणि तेल देऊन त्या गाठी सोडवतात, पण सोबत साखळ्याही तुटतात. नव्या रबराची पट्टी ताणून सोडली की टणकन जागेवर येते. रीक्लेमची आळसटून येते आणि दुमडली तर कडेला बारीक चिरते.

हा आळस कंप मारायला कामाचा. आत शिरलेला धक्का परत न फेकता रबर त्याची उष्णता करून जिरवतं. मात्र सेकंदाला वीसदा दाबलं, तर तीच उष्णता त्याला आतून भाजते. म्हणून बोगीच्या रबरी स्प्रिंगमध्ये भंगाराचा माल मी घालणार नाही, भाव कितीही मिळो.

खडीखाली मात्र त्याला जागा आहे. टायर दळायचा, तारा चुंबकाने काढायच्या, चुरा पॉलियुरेथेनने चिकटवून जाड चटई दाबायची. भार पसरून येतो, त्यामुळे तुटक्या साखळ्याही तो पेलतात. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या लाइट रेलखाली तर टायरचे नुसते तुकडेच फूटभर जाडीने अंथरले आहेत. आपल्याकडे किमला बुलेट ट्रेनचे ३.९ टनांचे स्लॅब ओतले जातात. त्यांच्याखाली सिमेंट-डांबराचा थर येतो, तिथे टायरचं काम नाही.

सुरत मेट्रोचं भुयार कापोद्र्याहून स्टेशनमार्गे चौक बाजारला जातं, वर जुन्या शहराची घरं. अशा ठिकाणी रुळाखालच्या काँक्रीटचं वजन जितकं जास्त आणि त्याच्या खालचा पॅड जितका मऊ, तेवढा कंप कमी उतरतो. फार मऊ केला तर रूळच खालीवर होतो. मुंबईच्या मेट्रो-३ मध्ये रुळाखालचे काँक्रीटचे ठोकळे रबरी बुटात बसवलेत, ते याच हिशेबाने.

या हिशेबाला प्रत्येक पॅड सारखा लागतो, आणि भंगार सारखं येत नाही. आज ट्रकचा टायर, उद्या स्कूटरचा. हार्डनेसचा काटा पाच अंक इकडेतिकडे. २०२२ च्या नियमांनी जुन्या टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी टायर कंपन्यांवर टाकली, चांगलंच झालं. पण ट्रकचे टायर वेगळे काढून देणारा भंगारवाला मला अजून हवाय. किलोमागे दोन रुपये जास्त देईन.