आपत्काळातील पिण्याचे पाणी : घरोघरी साठवण व शुद्धीकरण

प्रवरेच्या काठी वसलेल्या नेवाशाचा इतिहास हा एका अर्थी नदीच्या आश्रयाने नांदलेल्या मानवी वस्तीचा इतिहास आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात येथे उत्खनन झाले. त्यात ताम्रपाषाण युगातील वस्तीचे अवशेष व मातीची भांडी उजेडात आली. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ मध्ये झाली तीही याच गावी. आज तालुक्याच्या मोठ्या भागाला मुळा धरणाच्या कालव्यांचे पाणी मिळते, तर प्रवरासंगमाच्या परिसरात जायकवाडीच्या नाथसागराचा फुगवटा पोहोचतो.

अशा तालुक्यात पिण्याच्या पाण्याची चिंता कशाला, असा प्रश्न कोणासही पडावा. परंतु पाणी असणे आणि पिण्याजोगे पाणी असणे या दोन भिन्न गोष्टी होत. भंडारदरा व निळवंडे धरणांतून पावसाळ्यात विसर्ग वाढला की प्रवरा गढूळ होऊन वाहू लागते. वीज खंडित झाली किंवा पंपगृहात पाणी शिरले की नळयोजना बंद पडते आणि काठावरील विहिरींत पुराचे पाणी मिसळते. याउलट, अवर्षणात विहिरी तळाला जाऊन टँकरची वाट पाहावी लागते. १९७२-७३ च्या दुष्काळाची आठवण अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जुन्या पिढीच्या मनातून अद्याप गेलेली नाही. या दोन्ही प्रसंगी बाहेरून मदत येईपर्यंतचे दोन-तीन दिवस कुटुंबाने कसे काढावेत, याची माहिती प्रत्येक घरात असणे अगत्याचे आहे. दूषित पाण्यामुळे होणाऱ्या अतिसाराचा पहिला आघात घरातील तान्ह्या व लहान मुलांवर होतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या माहितीचे मोल कळून येईल.

साठा किती असावा ?

पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी दररोज सुमारे ४ लिटर पाणी धरल्यास पाच माणसांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ६० लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे चार हंडे, पाणी पुरते. हा साठा धुण्या-भांड्याच्या पाण्यापासून वेगळा ठेवावा.

आपल्याकडे काल भरलेले पाणी आज ‘शिळे’ म्हणून ओतून देण्याची रीत अनेक घरांत आहे. शुद्ध केलेले पाणी स्वच्छ भांड्यात नीट झाकून ठेवल्यास एका रात्रीत अपायकारक होत नाही. टंचाईच्या काळात तर ही रीत कटाक्षाने सोडून द्यावी. मात्र उघड्या रांजणात वा पिंपात आठ-दहा दिवस पाणी राहिले तर त्यात डासांची उत्पत्ती होते. म्हणून साठ्यातील पाणी आठवड्याच्या आत वापरून, भांडी घासून कोरडी करावीत व पुन्हा भरावीत. कीटकनाशकांचे वा अन्य रसायनांचे रिकामे डबे कितीही धुतले तरी पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नयेत.

निवळणे व गाळणे

गढूळ पाणी प्रथम स्थिर ठेवून निवळू द्यावे. तुरटीचा खडा पाण्यात काही वेळा फिरवला असता मातीचे बारीक कण एकत्र येऊन तळाशी बसतात. ‘निवळणे’ या क्रियेशी नावाने जोडलेल्या निवळीच्या बियांचा, म्हणजे संस्कृतातील ‘कतक’ फळाचा, या कामासाठी होणारा उपयोग सुश्रुतसंहितेतही सांगितला आहे. शेवग्याच्या वाळलेल्या बियांची पूड हेच कार्य करते. परंतु अशा पाण्यात बियांचा अंश उरत असल्याने ते त्याच दिवशी वापरावे. वरचे नितळ पाणी तळ न ढवळता दुसऱ्या भांड्यात ओतावे व ओततानाच कापडातून गाळावे.

गाळण्यासाठी जुन्या सुती लुगड्याचे स्वच्छ कापड किमान चार पदरी करून घ्यावे. वापराने व धुण्याने सुताचे तंतू फुलून जुन्या कापडाची वीण दाट होते, म्हणून ते नव्यापेक्षा सरस ठरते. या साध्या गाळणीचे सामर्थ्य नारूच्या निर्मूलनात दिसून आले. नारूचे जंतू पाण्यातील ‘सायक्लॉप्स’ या सूक्ष्म प्राण्याच्या शरीरात असतात आणि तो प्राणी कापडात अडकतो. पाणी गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरींत उतरणे बंद करणे व हातपंप बसविणे या उपायांमुळे भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

गाळलेले पाणी निर्जंतुक नव्हे

तथापि येथेच एक गैरसमज संभवतो. बांगलादेशातील खेड्यांत चार पदरी साडीच्या कापडातून पाणी गाळण्याचा प्रयोग करण्यात आला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. ही घट मोठी खरीच. परंतु निम्म्याहून अधिक धोका कायम राहिला, हेही त्यातून सिद्ध होते. पाण्यात मोकळे असणारे रोगजंतू कापडाच्या छिद्रांहून कितीतरी लहान असतात.

माठात वाळू, खडी व कोळसा यांचे थर रचून केलेल्या गाळणीलाही हेच लागू पडते. संथ वाळू-गाळणीत जंतू रोखले जातात ते प्रामुख्याने वाळूच्या पृष्ठभागावर तयार होणाऱ्या सजीव थरामुळे. तो थर जमण्यास काही आठवडे लागतात व तोवर वाळू सतत ओली राहावी लागते. पूर आल्यावर घाईने रचलेली गाळणी पाणी नितळ करील, निर्धोक करणार नाही. सारांश, गाळणे ही निर्जंतुकीकरणाची पूर्वतयारी होय, पर्याय नव्हे. पूर्वतयारी म्हणून मात्र ती आवश्यकच आहे. कारण गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवर व सेंद्रिय द्रव्यांवरच खर्ची पडतो.

निर्जंतुकीकरणाचे मार्ग

पाणी उकळणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ती टिकू द्यावी. वीस-वीस मिनिटे उकळत ठेवून इंधन खर्च करण्याचे कारण नाही. पाणी त्याच भांड्यात झाकून निवू द्यावे.

इंधन नसेल तेथे क्लोरीनचा उपयोग करावा. गावोगावी ‘टीसीएल’ म्हणून परिचित असलेल्या ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. अशी ३० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात कालवून, चुन्याचा साका खाली बसल्यावर वरचे नितळ द्रावण गडद रंगाच्या बाटलीत भरावे व बाटलीवर चिठ्ठी लावून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. हे साधारण एक टक्क्याचे द्रावण २० लिटर नितळ पाण्यास ४ मिलिलिटर पुरते. पाणी किंचित गढूळ राहिले असल्यास मात्रा दुप्पट करावी. पाणी ढवळून अर्धा तास थांबावे व मगच वापरावे. द्रावणाची शक्ती दिवसागणिक घटते, म्हणून ते दर आठवड्यास नवे करावे. गोळ्या किंवा तयार द्रवरूप क्लोरीन मिळाल्यास वेष्टनावर छापलेली मात्राच पाळावी.

टंचाईच्या दिवसांत कडक ऊन हाही एक सहायक ठरतो. स्वच्छ, पारदर्शक व दोन लिटरपर्यंतच्या प्लास्टिक बाटलीत नितळ पाणी भरून ती सहा तास भर उन्हात आडवी ठेवावी. आभाळ भरलेले असल्यास सलग दोन दिवस ठेवावी. संततधार पावसात हा मार्ग उपयोगाचा नाही. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवण्याची प्रथाही निराधार नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसाराचे जंतू नष्ट झाल्याचे आढळले. परंतु आतून कल्हई केलेल्या भांड्यात हा गुण राहत नाही आणि पूरस्थितीत केवळ तांब्यावर विसंबणे उचित नव्हे.

शुद्ध पाणी शुद्ध राहावे

इतके सायास करून शुद्ध केलेले पाणी पुष्कळदा घरातच दूषित होते. हंड्यात पेला बुडविताना बोटे पाण्यास लागतात आणि हातावरील जंतू साऱ्या घराच्या पाण्यात उतरतात. तोटी असलेले पिंप किंवा अरुंद तोंडाचे भांडे वापरावे. ते नसल्यास लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. भांडे मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर असावे.

पाण्यात विरघळलेले क्षार, नायट्रेट व कीटकनाशकांचे अंश मात्र उकळल्याने वा क्लोरीनने जात नाहीत. उलट पाणी आटल्यास क्षार व नायट्रेट यांचे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे व अधिक प्रमाण तान्ह्या मुलांना विशेष घातक असते. कालव्याखालील ऊसक्षेत्रात खतांचा वापर अधिक असल्याने तेथील विहिरींचे पाणी वेळोवेळी प्रयोगशाळेत तपासून घेणे, आणि आपत्काळी कोणती विहीर पिण्यासाठी वापरावयाची हे आधीच ठरवून ठेवणे इष्ट होय.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

घरोघरच्या या व्यवस्थेला सार्वजनिक व्यवस्थेची जोड हवी. विहिरीतील १,००० लिटर पाण्यास सुमारे २.५ ग्रॅम चांगली टीसीएल पावडर लागते. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असल्यास ते सुमारे ३७,७०० लिटर भरते व त्यास अंदाजे ९४ ग्रॅम पावडर पुरते. पावडर बादलीत कालवून साका बसू द्यावा, नितळ द्रावण विहिरीत सोडून पाणी ढवळावे व किमान एक तास उपसा थांबवावा. पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीस एवढ्याने भागत नाही. ती उपसून, गाळ काढून, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने अधिक मात्रेने शुद्ध करावी लागते. शुद्धीकरणानंतर ओ. टी. चाचणीत पाण्यास पिवळी छटा आली तरच त्यात क्लोरीन शिल्लक आहे, असे समजावे.

पावसाळ्यापूर्वीच ग्रामपंचायतीने टीसीएलचा ताजा साठा कोरड्या जागी, बंद डब्यात ठेवावा आणि जलसुरक्षकाच्या अनुपस्थितीत हे काम करू शकेल अशी आणखी एक व्यक्ती तयार करावी. शिक्षकांनी वर्गात दोन पेले ठेवून एवढा एक धडा द्यावा : एकात गढूळ पाणी, दुसऱ्यात तेच पाणी निवळून व गाळून घेतलेले. दुसरा पेला पिण्यास योग्य आहे काय, असे विचारावे. ‘अद्याप नाही’ हे उत्तर ज्या मुलाला कारणासह देता येईल, ते मूल आपत्काळी आपल्या घराचा जलरक्षक ठरेल.